‘ओळखलंत का मला?’

मंडळी, आपल्याकडे लग्नामुंजीत एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपण हातात अक्षता घेऊन रिकामी खुर्ची शोधत असतो. तेवढ्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ समोर येतात, वाकून नमस्कार करतात आणि हसत हसत विचारतात, ‘‘काय, ओळखलंत का मला?’’ विचारणाऱ्याच्या मनात निव्वळ प्रेम असतं. ज्याला विचारलं त्याच्या पोटात मात्र गोळा येतो. चेहरा तर ओळखीचा आहे. हा आपल्या जुन्या वाड्यात समोरच्या बिऱ्हाडात राहायचा, याची आई अळूवड्या फार सुरेख करायची, पतंग उडवताना पडून याचा एकदा हात मोडला होता, हे सगळं क्षणात डोळ्यांपुढे येतं. येत नाही ते फक्त नाव. मग आपण ‘‘अरे वा, तुला कसं विसरेन? केवढा मोठा झालास! घरी सगळे बरे ना?’’ असं काहीबाही बोलून वेळ मारून नेतो. परतताना रिक्षात बसल्यावर मात्र मन खायला लागतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ती हीच का? की त्याच्याही पुढचं काही सुरू झालं आहे?

आज मला याच विषयावर बोलायचं आहे. वय वाढतं तशी नावांची आणि चेहऱ्यांची आठवण कशी बदलते, त्यात स्वाभाविक काय आणि काळजी करण्यासारखं काय, ते आपण पाहू. मी बरीच वर्षं महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवलं आणि आता सत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे हा विषय मला दोन्ही अंगांनी परिचयाचा आहे. पण बोलण्याचं खरं कारण वेगळं आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मी अशी माणसं पाहिली, की ज्यांनी नावं आठवत नाहीत म्हणून आधी समारंभांना जाणं सोडलं, मग सकाळच्या कट्ट्यावर येणं सोडलं आणि शेवटी फोन उचलणंही सोडलं. विसरण्यामुळे त्यांचं फारसं काही अडलं नव्हतं. अडलं ते विसरण्याची लाज वाटू लागल्यामुळे.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. माणूस ओळखणं ही आपल्याला एकच क्रिया वाटते, पण तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे, हा चेहरा पूर्वी पाहिलेला आहे ही जाणीव. दुसरी, हा माणूस कोण याची माहिती. म्हणजे पोस्टात होता, थोरल्या भावाचा मित्र, तबला वाजवायचा, वगैरे. आणि तिसरी पायरी नावाची. ब्रिटनमधल्या विकी ब्रूस आणि अँडी यंग या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ही मांडणी केली. थोड्याफार फेरफारांसह ती आजही शिकवली जाते. त्यांचं म्हणणं असं, की या पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात. दुसरीवर पाऊल टेकल्याशिवाय तिसरीवर जाता येत नाही.

हे त्यांनी हवेत म्हटलेलं नव्हतं. आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बावीस जणांच्या हाती वह्या दिल्या होत्या आणि सांगितलं होतं, की माणसं ओळखताना रोजच्या व्यवहारात जी जी गफलत होईल ती लिहून ठेवा. हजाराहून अधिक नोंदी जमल्या. त्यांत १९० नोंदी अशा होत्या, की माणूस कोण हे नीट आठवलं पण नाव काही केल्या आठवेना. याच्या उलट प्रकार, म्हणजे चेहरा पाहून नाव आठवलं पण हा माणूस कोण ते कळेना, असा एकदाही घडला नाही. हजार नोंदींत एकदाही नाही! आणि हा अभ्यास काही म्हाताऱ्या माणसांपुरता नव्हता. याचा अर्थ नाव हे मुळातच आठवणीच्या जिन्यावरच्या सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलेलं असतं. तरुण माणूस धावत चढतो म्हणून त्याला ते जाणवत नाही, इतकंच.

नाव एवढं अवघड का, याचं उत्तर याच मंडळींच्या १९८७ मधल्या एका प्रयोगातून मिळतं. अनोळखी माणसांचे फोटो दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय लोकांना सांगितला गेला. यातली गंमत अशी, की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. इंग्रजीत ‘बेकर’ हे आडनावही आहे आणि त्याचा अर्थ पाव भाजणारा असाही आहे. एका फोटोबद्दल सांगायचं की हे बेकर आडनावाचे गृहस्थ आहेत, आणि दुसऱ्याबद्दल सांगायचं की हे धंद्याने बेकर आहेत. शब्द तोच. तरी नंतर विचारलं तेव्हा व्यवसाय पुष्कळ जास्त आठवला आणि आडनाव कमी.

आपल्याकडे हा प्रयोग करायला काहीच अडचण नाही. एक जण कुंभारकाम करतो असं मी तुम्हाला सांगितलं, तर चाक, चिखल, भट्टी, माठ, पणत्या असं सगळं मनात उभं राहतं. पण एका बँकेतल्या अधिकाऱ्याचं आडनाव कुंभार आहे असं म्हटलं, तर त्यातून चाक फिरत नाही की माठ घडत नाही. पेणकरांनी पेण पाहिलेलं असेलच असं नाही. सातपुत्यांना एकुलती एक मुलगी असते आणि एखादे गोडबोले चारचौघांत फटकळ म्हणून प्रसिद्ध असतात. नावाला अर्थ असला तरी तो त्या माणसाला लागू नसतो. ती एक चिकटवलेली चिठ्ठी असते, आणि चिकटवलेल्या चिठ्ठ्या निघतात.

अमेरिकेतल्या डेबोरा बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये याच्याशी वयाचा संबंध जोडून दाखवला. त्यांचा विचार मी माझ्या शब्दांत सांगते. ‘लिंबू’ हा शब्द घ्या. त्याच्यापर्यंत जाणारे धागे किती! आंबटपणा, पिवळा रंग, सरबत, लोणचं, दारावर टांगलेली मिरची. एखादा धागा तुटला तरी दुसऱ्याने आपण त्या शब्दाशी पोचतो. शिवाय शब्द सापडला नाहीच तर दुसरा वापरता येतो. ‘उपरणं’ आठवलं नाही तर ‘शेला’ म्हणून भागतं. माणसाच्या नावाचं तसं नाही. तो माणूस आणि त्याच्या नावाचा उच्चार यांच्यामध्ये एकच बारीक धागा असतो, आणि त्या नावाला पर्यायी शब्दही नसतो. समोर जयंतराव असतील तर त्यांना ‘साधारण जयंतरावांसारखं काहीतरी’ म्हणून चालत नाही. वयाबरोबर मेंदूतले सगळेच धागे थोडे सैलावतात. जिथे दहा आहेत तिथे ते कळत नाही, जिथे एकच आहे तिथे लगेच कळतं. म्हणून सत्तरीतल्या माणसाचा शब्दसंग्रह तरुणापेक्षा मोठा असू शकतो, शब्दकोडं तो नातवाच्या आधी सोडवतो, आणि तरीही शेजाऱ्याच्या जावयाचं नाव त्याला सापडत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदतात.

बर्क यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अडलेली नावं बहुधा अशा परिचितांची होती, की ज्यांच्याशी बऱ्याच दिवसांत संबंध आला नव्हता. वापरात नसलेलं कुलूप गंजतं तसं हे आहे. आणि दिलासा देणारी बाब अशी, की अडलेली बहुतेक नावं नंतर आठवलीच, पुष्कळदा शोध थांबवल्यावर आपोआप. जेवताना, आंघोळ करताना, रात्री पाणी प्यायला उठल्यावर ‘अरे, तो तर वसंता!’ असा साक्षात्कार आपल्यापैकी प्रत्येकाला झालेला आहे. म्हणजे नाव पुसलं गेलं नव्हतं. वाट तेवढी अडली होती.

ही जी ‘अगदी जिभेवर आहे’ अशी अवस्था असते, तिचा पहिला गाजलेला अभ्यास रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्‌नील यांनी १९६६ मध्ये विद्यार्थ्यांवर केला. शब्द आठवत नसतानाही त्याचं पहिलं अक्षर कोणतं आणि त्याचे उच्चारखंड किती, हे त्या विद्यार्थ्यांना बऱ्याचदा बरोबर सांगता येत होतं. आपणही म्हणतोच ना, ‘‘म वरून आहे बघ, तीन अक्षरी.’’ कधी कधी भलतंच नाव पुढे येतं आणि दारातच ठाण मांडून बसतं. हवं असतं ‘माधव’ आणि येतं ‘मोहन’. मोहन नाही हे पक्कं ठाऊक असतं, पण तो हलायला तयार नसतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अशा आगंतुक शब्दांना सिंड्रेलाच्या गोष्टीतल्या कुरूप सावत्र बहिणींची उपमा दिली. त्या पुढे पुढे करतात आणि खरी राजकन्या मागेच राहते. अशा वेळी जोर लावला की मोहन आणखीच घट्ट बसतो. थोडा वेळ विषय सोडून देणं हाच उत्तम उपाय.

आता चेहऱ्यांकडे वळू. इथे बातमी बरीच चांगली आहे. अमेरिकेतल्या हॅरी बाहरिक यांनी सहकाऱ्यांबरोबर १९७५ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तिकडच्या शाळांमध्ये दर वर्षी विद्यार्थ्यांच्या फोटोंचं वार्षिक पुस्तक निघतं. शाळा सोडून काही महिने झालेल्यांपासून ते जवळपास पन्नास वर्षं झालेल्यांपर्यंत ३९२ लोकांची त्यांनी त्यांच्याच वर्गाच्या पुस्तकांवरून परीक्षा घेतली. अनोळखी चेहऱ्यांमधून आपल्या वर्गातला चेहरा निवडायचा, या परीक्षेत शाळा सोडून सुमारे पस्तीस वर्षं झालेले लोकही शंभरात नव्वदच्या आसपास बरोबर होते. त्यानंतर घसरण होती, पण तीही मध्यम. मात्र नुसता फोटो दाखवून ‘याचं नाव सांगा’ म्हटलं, की हेच लोक अडखळत होते, आणि दशकं उलटली तसे जास्तच. तेच डोळे, तीच माणसं, पण चेहऱ्याची आठवण शाबूत आणि नावाची अर्धवट.

नवे चेहरे लक्षात ठेवण्याची शक्ती कधी सर्वाधिक असते, याचाही हजारो लोकांवर इंटरनेटद्वारे अभ्यास झाला आहे. लॉरा जर्मीन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. ही शक्ती तिशी ओलांडेपर्यंत वाढत राहते असं दिसलं, तर नावं लक्षात ठेवण्याची शक्ती विशीच्या पूर्वार्धातच कळसाला पोचते. म्हणजे नावांची उतरण साठीची वाट पाहत थांबलेली नसते. ती सुरू झाली तेव्हा आपण नोकरीच्या अर्जांवर सह्या करत होतो, आणि आपल्याला तिचा पत्ताही नव्हता. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीत हिशेबाची चूक आहे ती इथे.

पण चेहऱ्यांच्या बाबतीत वय काहीच करत नाही असं नाही. दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे, अनोळखी चेहरा ओळखीचा वाटू लागतो. जेम्स बार्टलेट यांच्या १९९१ च्या अभ्यासात वृद्धांकडून अशी गल्लत तरुणांपेक्षा जास्त झाली. सत्तर वर्षांत आपण इतके चेहरे पाहिलेले असतात, की नवा चेहरा कोणत्या ना कोणत्या जुन्या चेहऱ्याच्या वळणावर जातोच. म्हणून बसमध्ये एखाद्या परक्या माणसाकडे पाहून आपण हात हलवतो आणि तो बिचारा मागे वळून बघतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मोशे नावे-बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं, की नुसते चेहरे किंवा नुसती नावं ओळखायची असतील तर वृद्ध तरुणांच्या फार मागे पडत नाहीत. पण हे नाव याच चेहऱ्याचं होतं का, असं विचारलं की फरक मोठा पडतो. दोन वस्तू जपून ठेवल्या जातात, त्यांच्यातली गाठ मात्र नीट बसत नाही. नवी गाठ मारण्याच्या कामात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा वाटा असतो, आणि वयानुसार तो भाग निरोगी माणसातही थोडा आकसतो. नव्या सुनेच्या माहेरची पंधरा माणसं एका संध्याकाळी भेटतात. चेहरे लक्षात राहतात, नावंही राहतात, पण कोणतं नाव कोणाचं यात घोळ होतो, त्याचं कारण हे.

यात कानांचाही हात असतो, आणि तो आपण विसरतो. कार्यालयात सनई चालू, भटजींचा माइक चालू, मुलं पळताहेत. अशात कोणी म्हणालं, ‘‘हे आमचे साडू, सुहासराव,’’ आणि ऐकणाऱ्याला ‘हासराव’ एवढंच ऐकू आलं, तर पुढे आठवायचं काय? वाक्यातला दुसरा शब्द निसटला तर संदर्भावरून भरून काढता येतो. ‘आज भाजीला काय केलंस’ यातलं ‘भाजी’ ऐकू आलं नाही तरी अंदाज लागतो. नाव मात्र संदर्भावरून कळत नाही. ते सुहास, विलास, श्रीनिवास काहीही असू शकतं. ऐकू कमी येणारा माणूस जे विसरला असं आपण म्हणतो, त्यातलं बरंचसं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

आमच्या संघातल्या एका गृहस्थांचं असंच झालं. माणूस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, गप्पिष्ट, हिशेबाला चोख. हळूहळू त्यांनी कट्ट्यावर येणं कमी केलं. विचारलं की गुडघ्याचं कारण सांगत. शेवटी एक दिवस त्यांच्या पत्नी माझ्याकडे येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, यांना वाटतंय आपल्याला अल्झायमर झालाय. वहीत सगळ्यांची नावं लिहून रात्री पाठ करत बसतात. सकाळी पुन्हा नाव अडलं की दिवसभर बोलत नाहीत.’’ मी त्यांना एवढंच सुचवलं, की घरात निदान करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा. तपासण्या झाल्या. स्मृतीच्या चाचणीत वयाच्या मानाने काही वावगं निघालं नाही. पण दोन्ही कानांनी ऐकू बरंच कमी येत होतं आणि बी-१२ जीवनसत्त्व फारच खाली गेलं होतं. श्रवणयंत्र आलं, इंजेक्शनं झाली. त्यांना नावं आता तुरुतुरु आठवतात असं मी म्हणणार नाही. आजही ते ‘अहो हे, तुमचं नाव काय म्हणालात?’ असं विचारतात. पण मोठ्याने विचारतात, हसत विचारतात आणि रोज येतात.

आता काळजी कधी करायची ते सांगते. अल्झायमर या आजाराला ज्यांचं नाव मिळालं, त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टरांनी त्यांच्याशी झालेली प्रश्नोत्तरं लिहून ठेवली होती. ती फाइल पुढे हरवली आणि थेट १९९५ मध्ये सापडली. स्वतःचं नाव त्या बाईंनी सांगितलं, पण नवऱ्याचं नाव विचारल्यावरही त्यांनी स्वतःचंच नाव सांगितलं. स्वतःचं नाव लिहायला दिलं, तर सुरुवातीचं ‘श्रीमती’ लिहून त्या थांबल्या. पुढे काय लिहायचं होतं तेच त्यांना आठवेना. हा विसर आणि लग्नात शेजाऱ्याच्या मुलाचं नाव न आठवणं, यांतलं अंतर लक्षात घ्या.

साधी कसोटी अशी. नाव आठवत नाही पण माणूस कोण ते ठाऊक आहे, आणि नाव सांगितलं की ‘हो हो, तोच’ असं लगेच पटतं, तर ते बहुधा वयाचं देणं आहे. पण रोजच्या सहवासातला माणूस कोण हेच कळेनासं झालं, तोच प्रश्न अर्ध्या तासात चार वेळा विचारला जाऊ लागला, वर्षानुवर्षांच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, पैशांचे नेहमीचे व्यवहार जमेनासे झाले, आणि हे वाढत चाललं, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जायला हवं. बहुतेकदा हे बदल त्या व्यक्तीपेक्षा घरच्यांच्या आधी लक्षात येतात. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे वाईट बातमीच ऐकायची असंही नाही. बी-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत पुष्कळ आढळते. थायरॉइडचा विकार, नैराश्य, अपुरी झोप, झोपेच्या गोळ्या, मोतीबिंदू, कमी ऐकू येणं, या साऱ्यांमुळे विसर पडल्यासारखं होतं, आणि या साऱ्यांवर उपाय आहेत.

आपल्या देशापुरते आकडे सांगायचे तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, प्रमाण शेकडा ७.४ आहे. ही संख्या सुमारे ८८ लाख होते. ती मुळीच लहान नाही, आणि त्या घरांतल्या लोकांचे हाल मी पाहिले आहेत. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी, की साठीपुढच्या शंभरातल्या ब्याण्णवांहून अधिक लोकांना हा आजार नाही. नावं मात्र त्या शंभरांतल्या जवळजवळ सगळ्यांनाच अडतात.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारी, पण आपल्याला बदलता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, व्यायामाचा अभाव ही अपेक्षित नावं आहेत. त्यांतच उपचार न केलेला बहिरेपणा आहे, अधू नजर आहे, नैराश्य आहे आणि माणसांशी तुटलेला संपर्कही आहे. माझा सारा आग्रह या शेवटच्या कारणासाठी आहे. नाव विसरल्याने मेंदूला इजा होत नाही. पण नाव विसरेन या भीतीने जो माणूस चार भिंतींत बसतो, तो मेंदूचा रोजचा खुराकच बंद करतो. ज्यांची नावं अडतात त्या माणसांना भेटणं थांबवलं, की ती नावं आणखी गंजतात, आणि मग भेटायची भीती आणखी वाढते. हे चक्र तोडायला हवं.

ते कसं तोडायचं? जादूची गोळी नाही, पण काही साध्या सवयी आहेत. नवा माणूस भेटला की नाव नीट ऐकून घ्या, ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा. लगेच एकदा ते नाव घेऊन बोला. मग मनातल्या मनात ते आठवून पाहा. आधी अर्ध्या मिनिटाने, मग पाच मिनिटांनी, मग घरी गेल्यावर, मग दुसऱ्या दिवशी. थॉमस लँडॉवर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये नावं पाठ करण्याच्याच प्रयोगात दाखवलं, की अशा वाढत्या अंतराने आठवून पाहिलेलं नाव जास्त टिकतं. यातलं मर्म ‘आठवून पाहणं’ हे आहे. वहीतलं नाव शंभरदा वाचण्यापेक्षा वही मिटून चार वेळा आठवणं अधिक उपयोगी. नावाला एखादा जादा धागा जोडता आला तर तोही जोडा. कुंभार आडनावाच्या साहेबांच्या हातात मनातल्या मनात एक माठ देऊन ठेवा, त्यांना काही कळत नाही. समारंभाला निघण्याआधी जुना अल्बम चाळा, कोण कोण भेटेल याची घरात उजळणी करा. गंजलेल्या कुलपात तेल घातल्यासारखं होतं. आणि एवढं करूनही नाव अडलं, तर सरळ म्हणा, ‘‘चेहरा पक्का लक्षात आहे, नाव तेवढं सांग.’’ कितीतरी वर्षांपूर्वीचा हात मोडल्याचा प्रसंग आठवतोय असं सांगितलं, तर समोरच्याला नावापेक्षा त्याचंच अप्रूप वाटतं.

शेवटी तरुण श्रोत्यांना एक विनंती. प्राचीन रोममध्ये पुढारी लोक बाजारात निघाले की बरोबर एक गुलाम असे. समोरून येणाऱ्याचं नाव मालकाच्या कानात सांगणं एवढंच त्याचं काम. त्याला ‘नोमेंक्लाटोर’ म्हणत. नीतिमत्तेबद्दल प्रसिद्ध असलेला केटोसुद्धा असा माणूस बाळगतो, म्हणून इ. स. पूर्व ६३ मध्ये सिसेरोने भर न्यायसभेत त्याला चिमटा काढला होता. सत्तेच्या शिखरावरच्या धडधाकट माणसांना जी मदत घ्यावी लागे, ती आपल्या आजी-आजोबांना द्यायला आपण का लाजावं? कार्यात त्यांच्या शेजारी उभं राहून ‘‘आजी, हे नाशिकच्या काकूंचे धाकटे, प्रमोदकाका,’’ असं हळूच सांगितलंत, तर त्यांचा सगळा दिवस सुखाचा जाईल.

आणि तुम्ही स्वतः वडीलधाऱ्यांना भेटाल तेव्हा ‘ओळखलंत का?’ हा प्रश्न कृपा करून विचारू नका. कालिदासाच्या नाटकात दुष्यंताला आठवण करून द्यायला शकुंतलेपाशी अंगठी उरली नव्हती, म्हणून पुढचं सगळं महाभारत घडलं. तुमच्यापाशी तर खूण आहेच, ती आधी पुढे करा. ‘‘नमस्कार काका, मी प्रमोद. जोशीवाड्यात तुमच्यासमोर राहायचो, माझा हात मोडला होता बघा,’’ असं म्हणा. नाव, नातं आणि एक आठवण, इतकं पुरे. मग पाहा, समोरच्या म्हाताऱ्या माणसाला तुमच्या आईच्या अळूवड्यांपासून तुमच्या चुलत्याच्या सायकलपर्यंत काय काय आठवतं ते. तुम्हाला ठाऊक नसलेल्या चार गोष्टीही त्यातून कळतील. आणि मुख्य म्हणजे, पुढच्या कार्याला ती व्यक्ती यायला कचरणार नाही.

 

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)